मैत्रीच्या करारात काय लिहायचं असतं? : भारत, भूतान आणि नेपाळ



मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "सर, तुमचं नीतिशास्त्र माणसामाणसांत ठीक आहे, पण देशादेशांत नीती कसली? तिथे फक्त हितसंबंध." मी म्हटलं, याचं उत्तर जिन्यात नाही देता येणार, पुढच्या वेळी या. ते आज आले आहेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. तेव्हा आजचं व्याख्यान त्यांच्या प्रश्नावर.

मी परराष्ट्र धोरणातला तज्ज्ञ नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणजे मुख्यतः मजकूर वाचायला शिकवलं. एखादं वाक्य काय म्हणतं, काय म्हणायचं टाळतं आणि त्यातून काय निष्पन्न होतं, एवढंच मला येतं. म्हणून आज मी दोन करार तुमच्यापुढे वाचणार आहे, एखाद्या ग्रंथाची समीक्षा करावी तसे. एक भारत आणि भूतान यांच्यातला, १९४९चा, जो २००७ मध्ये बदलला. दुसरा भारत आणि नेपाळ यांच्यातला, १९५०चा, जो अजून तसाच आहे. दोन्हींच्या नावात 'मैत्री' हा शब्द आहे. ती मैत्री आतल्या कलमांत कितपत उतरली आहे, ते बघू.

आपल्याकडे म्हण आहे, सख्खा शेजारी पक्का वैरी. कौटिल्याचं मंडल तुम्हाला माहीत असेल. जिंकू पाहणाऱ्या राजाच्या सीमेला लागून असलेला तो शत्रू आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र. आता हे वाक्य टीव्हीवरच्या चर्चेत इतक्या वेळा ऐकू येतं की कौटिल्याने दुसरं काही लिहिलंच नाही असं वाटावं. मुंबई विद्यापीठाने १९६०च्या दशकात प्रा. र. पं. कंगले यांची अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती काढली. ती उघडून सातव्या अधिकरणाचा सतरावा अध्याय काढा. प्रश्न असा आहे, की तह टिकतो कशाने? आधीचे आचार्य म्हणतात, दिलेला शब्द आणि शपथ या कच्च्या गोष्टी. जामीन घ्या, ओलीस ठेवा, मग तह पक्का. कौटिल्य म्हणतो, तसं नाही. शब्द आणि शपथ यांवरचा तह इहलोकी आणि परलोकीही टिकतो. जामीन आणि ओलीस फक्त इहलोकापुरते, कारण ते बळावर अवलंबून आहेत. बळाचं पारडं फिरलं की ओलिसाची किंमतही फिरते.

आता गंमत बघा. ज्याला आपण व्यवहारवादाचा महामेरू समजतो, तो सांगतोय की दबावाने बांधलेला तह कच्चा असतो. आणि हे तो साधुत्वापोटी सांगत नाही, टिकाऊपणाच्या हिशेबाने सांगतो. तिसऱ्या रांगेतल्या आपल्या मित्राला माझं पहिलं उत्तर हे आहे. हितसंबंध हवेतच, पण ते हित दहा वर्षं टिकायचं असेल, तर शब्दाला किंमत लागते.

दुसरा आधार मी ॲरिस्टॉटलचा घेणार आहे. त्याच्या नीतिशास्त्राच्या आठव्या भागात मैत्रीचे तीन प्रकार येतात: उपयोगासाठी, सुखासाठी आणि सद्‌गुणामुळे. नगरराज्यांमधली मैत्री तो पहिल्या प्रकारात घालतो, उपयोगाच्या. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. पण तो एक सावधगिरी सांगतो, जी मला फार महत्त्वाची वाटते. तो म्हणतो, तक्रारी आणि भांडणं सगळ्यात जास्त होतात ती उपयोगाच्या मैत्रीत. या मैत्रीचेही दोन पोटप्रकार आहेत. एक लिखित अटींवरचा: हे घे, ते दे. दुसरा 'भल्या मनाचा': आपल्यात काय लिहायचं, मित्र म्हणून देतो. आणि खरी कटकट या दुसऱ्यात होते, कारण देणारा भेट म्हणून देतो आणि मनात मात्र परतफेडीची अपेक्षा ठेवतो. सुरुवात एका भावनेने आणि शेवट दुसऱ्या.

आपल्याला हे समजवायला ग्रीसमधून माणूस यायला नको. दोन भाऊ न लिहिता वाटणी करतात, 'आपल्यात काय कागद करायचा' म्हणतात, आणि वीस वर्षांनी तालुक्याच्या कोर्टात उभे असतात. त्याला आपण भाऊबंदकी म्हणतो. ज्या भाषेत भाऊ या शब्दातूनच भांडणाला नाव मिळालं, त्या भाषेत बोलणाऱ्यांनी नेपाळला 'लहान भाऊ' म्हणताना खरं तर दोनदा विचार करायला हवा.

बरं, आता मजकुराकडे येऊ.

८ ऑगस्ट १९४९, दार्जिलिंग. भारत-भूतान करार. दुसरं कलम दोन वाक्यांचं आहे. भारत सरकार भूतानच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करणार नाही. आणि भूतान सरकार आपल्या परराष्ट्र संबंधांत भारत सरकारच्या सल्ल्याने चालायला मान्यता देतं. या वाक्यांचा उगम बघा. १९१० मध्ये पुनाखा इथे ब्रिटिशांनी भूतानशी करार केला, त्यात हीच दोन वाक्यं आहेत. फक्त 'ब्रिटिश सरकार' असं लिहिलं आहे. म्हणजे साम्राज्यातून सुटलेला देश, स्वातंत्र्याला दोन वर्षंही पुरी झालेली नाहीत, आणि शेजाऱ्याशी करार करताना साम्राज्याचं वाक्य उचलून त्यात फक्त नाव बदलतो. समीक्षक म्हणून मला हे वाक्य दोन्ही करारांतलं सगळ्यात बोलकं वाटतं.

पण समीक्षेत एका वाक्यावरून निकाल देऊ नये. त्याच करारातली बाकीची कलमंही वाचली पाहिजेत. १८६५च्या सिंचुला तहाने ब्रिटिशांनी भूतानकडून दुआरचा प्रदेश घेतला आणि बदल्यात वर्षाला पन्नास हजार रुपये ठरवले. १९१० मध्ये ते एक लाख झाले. १९४९ मध्ये भारताने ते पाच लाख केले आणि देवनगिरीचा सुमारे ३२ चौरस मैलांचा भाग भूतानला परत दिला. नवं स्वतंत्र झालेलं राष्ट्र छोट्या शेजाऱ्याला जमीन परत देतं, ही सामान्य गोष्ट नाही. बांध कोरणारे शेजारी आपण गावोगाव पाहिले आहेत. बांध मागे घेणारा क्वचित दिसतो.

आणि एक कलम माझं फार आवडतं आहे: नववं, वाद मिटवण्याचं. वाटाघाटी तीन महिन्यांत निष्फळ ठरल्या तर तीन लवाद. एक भारताने नेमलेला, एक भूतानने, आणि अध्यक्ष म्हणून भारताच्या फेडरल कोर्टाचा किंवा एखाद्या उच्च न्यायालयाचा न्यायाधीश. म्हणजे तिघांत दोन भारतीय! पण तो न्यायाधीश निवडायचा कोणी? भूतानने. या कलमात अख्ख्या करारातला ताण साठलेला आहे. मोठा म्हणतो, पंच माझ्याच घरचा असेल. पण माझ्या घरातला कोण, ते तू ठरव. यात अहंकार आहे आणि एक प्रकारचा आत्मविश्वासही आहे, की आमचा न्यायाधीश आमच्याविरुद्धही निकाल देईल.

आता, प्रत्यक्षात काय झालं? सल्ल्याचं कलम कागदावर राहिलं आणि व्यवहार हळूहळू पुढे सरकला. १९५८ मध्ये नेहरू नथु ला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि पायी भूतानला गेले, आणि तिथे त्यांनी भूतानच्या स्वातंत्र्याला जाहीर ग्वाही दिली. १९६२ मध्ये भूतान कोलंबो योजनेत आला, १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, दोन्ही वेळा भारताच्या पाठिंब्याने. चीनशी सीमेबाबत भूतान १९८४ पासून स्वतः थेट बोलतो आहे. म्हणजे व्यवहार स्वतंत्र देशाचा आणि कागद संरक्षित देशाचा, अशी विसंगती साठ-सत्तर टक्के वाढलेल्या मुलाला लहानपणीचा सदरा घालावा तशी दिसायला लागली.

डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने आपल्या दक्षिणेकडच्या जंगलांतले उल्फा, बोडो आणि कामतापुरी बंडखोरांचे तळ उद्ध्वस्त केले. भूतानसाठी ही साधी गोष्ट नव्हती. छोटं सैन्य, स्वतः राजे मोहिमेवर. भारताच्या सुरक्षेसाठी एका छोट्या देशाने रक्त सांडलं. त्यानंतर, ८ फेब्रुवारी २००७ रोजी, नवी दिल्लीत नवा करार झाला. भारताकडून तेव्हाचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी सही केली. दुसरं कलम पूर्ण बदललं. सल्ल्याने चालण्याची भाषा गेली. तिच्या जागी आलं ते असं: दोन्ही सरकारं राष्ट्रीय हिताच्या प्रश्नांवर निकट सहकार्य करतील, आणि कोणीही आपली भूमी दुसऱ्याच्या सुरक्षेला बाधक कामासाठी वापरू देणार नाही. व्याकरण बघा. आधीच्या वाक्यात एकजण सांगणारा आणि एकजण ऐकणारा होता. नव्या वाक्यात कर्ता 'दोन्ही' आहे. कर्तव्य दोघांवर सारखं.

मी याला प्रामाणिक दुरुस्ती म्हणेन. पण कौतुक करताना डोळे उघडे ठेवू. शस्त्रांचं कलम अजून जुन्या घाटणीचं आहे: भूतानला शस्त्रं भारतातून किंवा भारतामार्गे आणता येतील, पण भूतानचा हेतू मैत्रीचा आहे आणि आपल्याला धोका नाही याबद्दल भारताचं समाधान झालं पाहिजे. इथे पुन्हा एकजण परीक्षक आहे. आणि लवादाचं ते सुंदर कलम गेलं. आता वाद आपसात, विश्वासाने मिटवायचे. विश्वास संपल्यावर काय, ते करार सांगत नाही. ॲरिस्टॉटल असता तर म्हणाला असता, हे पुन्हा 'आपल्यात काय लिहायचं' झालं.

याचा अनुभव लवकरच आला. जून २०१२ मध्ये भूतानचे पंतप्रधान जिग्मे थिनले रिओत चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांना भेटले. दिल्लीत ते आवडलं नाही, हे उघड गुपित होतं. पुढच्या वर्षी, भूतानमध्ये १३ जुलै २०१३ला मतदान होणार होतं, आणि १ जुलैपासून भूतानला जाणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसवरची आणि रॉकेलवरची भारताची सबसिडी थांबली. अधिकृत स्पष्टीकरण तांत्रिक होतं: भूतानच्या पंचवार्षिक योजनेचा काळ ३० जूनला संपला, म्हणून मदतही संपली. निवडणुकीत थिनलेंचा पक्ष हरला. सबसिडी पुन्हा सुरू झाली.

स्पष्टीकरण खरं असेलही. समजा, खरंच आहे. तरी मतदानाच्या दोन आठवडे आधी थिंफूच्या एखाद्या घरातल्या बाईला गॅसचं सिलिंडर एकदम महाग मिळतं, तेव्हा तिने काय समजायचं? मोठ्या देशाच्या हातून झालेली चूकही छोट्या देशात इशारा म्हणून वाचली जाते. बळ असमान असलं की हे टळत नाही. म्हणून मोठ्यावर जबाबदारी जास्त: त्याचा हेतू शुद्ध असून पुरत नाही, तो शुद्ध आहे हे समोरच्याला दिसेल अशा रीतीने वागावं लागतं.

आता नेपाळ.

३१ जुलै १९५०, काठमांडू. शांतता आणि मैत्रीचा करार. नेपाळकडून सही पंतप्रधान मोहन शमशेर जंगबहादुर राणा यांची. भारताकडून राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांची. एका बाजूला पंतप्रधान, दुसऱ्या बाजूला राजदूत. नेपाळमध्ये हा मुद्दा आजही काढला जातो, आणि आपल्याकडे लोक हसतात की हे काय, सहीचा मान! पण आपल्या घरच्या लग्नात याद्या करताना समोरून कोण बसलं यावरून काय काय होतं ते आठवा. मान ही लहान बाब लहानालाच वाटत नाही.

त्याहून मोठा मुद्दा काळाचा. करार जुलैअखेर झाला. नोव्हेंबरमध्ये राजे त्रिभुवन यांनी काठमांडूतल्या भारतीय दूतावासात आश्रय घेतला, आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये राणांची १०४ वर्षांची सत्ता भारताच्या मध्यस्थीने संपली. म्हणजे ज्या राजवटीला भारत लोकविरोधी मानत होता, तिच्याकडून कायमच्या मैत्रीवर सही घेतली आणि सहा-सात महिन्यांत ती राजवट गेली. नेपाळी माणूस विचारतो, या सहीत मी कुठे होतो? प्रश्न रास्त आहे.

आणि तिसरा मुद्दा, तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सगळ्यात गंभीर. करारासोबत पत्रांची देवाणघेवाण झाली. त्यात शस्त्रांची व्यवस्था होती, परकी आक्रमणाच्या धोक्याबाबत एकत्र उपाय करण्याची गोष्ट होती, आणि नेपाळने नैसर्गिक साधनसंपत्तीच्या विकासासाठी परदेशी मदत घेतली तर भारताला पहिलं प्राधान्य, अशीही तरतूद होती. ही पत्रं १९५९ पर्यंत गुप्त राहिली. इथे मला कांटची आठवण होते. १७९५ साली शाश्वत शांततेवरचा निबंध लिहिताना त्याने एक कसोटी दिली: इतरांच्या हक्कांशी संबंधित जे कृत्य जाहीर करताच त्याचा हेतू फसतो, ते अन्याय्य आहे. गुप्ततेमागे त्या काळची कारणं असतील; तिबेटमध्ये चीन शिरत होता, काळजी खरी होती. पण एका देशाच्या नद्यांविषयीची अट त्या देशातल्या लोकांना नऊ वर्षं ठाऊक नसेल, तर नंतर तुम्ही कितीही चांगला प्रकल्प घेऊन गेलात तरी ते विचारणारच, 'आणखी कुठलं पत्र आहे?'

एवढं बोलल्यावर दुसरी बाजू न मांडली तर मी खोटा ठरेन. याच करारातलं सातवं कलम दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या देशात राहण्याचे, मालमत्तेचे, व्यापाराचे, फिरण्याचे समान हक्क देतं. याचा अर्थ तुम्ही रोज अनुभवता. रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या हापूसच्या बागा मोसमात कोण राखतं? नेपाळहून आलेले गडी. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकावर रात्री कोण बसतं? या माणसांना व्हिसा लागत नाही, कामाचा परवाना लागत नाही, तो या कलमामुळे. काठमांडूतले जे पुढारी 'असमान करार फाडा' म्हणून सभा गाजवतात, त्यांना हे पक्कं माहीत आहे. कारण दहाव्या कलमात सरळ लिहिलंय: कोणीही एक वर्षाची सूचना देऊन करारातून बाहेर पडू शकतो. इतक्या दशकांत, इतकी सरकारं आली, डावी आली, उजवी आली, कोणीही ती सूचना दिली नाही. विरोधात असताना करार गुलामीचा, सत्तेत आल्यावर करार अडचणीचा. हाही अप्रामाणिकपणाच आहे, आणि तो दुबळ्याचा आहे म्हणून माफ होत नाही.

याउलट, बागेतला तो गडी दोघांच्याही हिशेबात नाही. आपण त्याला नावाने हाक मारत नाही, 'बहादूर' म्हणतो. त्याला कलम सात ठाऊक नसतं. पण करार उद्या बेजबाबदारपणे मोडला तर किंमत पहिल्यांदा तोच मोजेल.

आता व्यवहार बघू. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि वाहतुकीचे करार संपले, आणि भारताने दोन वगळता सगळी नाकी बंद केली. आदल्या वर्षी नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतली होती, ते भारताला कराराच्या भावनेविरुद्ध वाटलं. भारताचं म्हणणं कायद्याच्या भाषेत मांडता येतं. पण समुद्र नसलेल्या देशाला वाट अडवणं म्हणजे काय, ते सगळ्यांना समजतं.

आणि २०१५. २५ एप्रिलला भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसं गेली. तेव्हा भारताची मदत काही तासांत पोचली, हे नोंदवलं पाहिजे. २० सप्टेंबरला नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली. तराईतल्या मधेशी लोकांची तक्रार होती की त्यांना न्याय मिळाला नाही. ती तक्रार खरी होती, आंदोलनात माणसं मेली होती. मग रक्सौलच्या नाक्यावर ट्रक थांबले, आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत इंधन आणि औषधांचा तुटवडा राहिला, ऐन थंडीत, भूकंपाने घर गेलेल्या लोकांवर. भारताने सांगितलं, आम्ही नाकेबंदी केलेली नाही, अडथळा सीमेच्या पलीकडच्या आंदोलनाचा आहे. नेपाळमध्ये फार थोड्यांनी ते मानलं.

इथे माझी टीका अशी आहे. समजा भारताला मधेशींच्या हक्कांची काळजी होती. ती रास्त होती. मग ती काळजी उघडपणे, तर्काने, जाहीर मांडायची. आणि ट्रक थांबवायचे असतील तर तेही 'आम्ही थांबवले' म्हणून सांगायचं, त्याची जबाबदारी घ्यायची. जे करतो ते सांगता येत नाही आणि जे सांगतो त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ही स्थिती कुठल्याही राष्ट्राला शोभत नाही. बरं, मिळालं काय? मार्च २०१६ मध्ये नेपाळच्या पंतप्रधानांनी बीजिंगमध्ये चीनशी वाहतुकीचा करार केला, आणि २०१९ मध्ये त्याचा तपशील ठरून चीनची चार बंदरं नेपाळला कागदावर खुली झाली. ती बंदरं हजारो किलोमीटर दूर आहेत, कोलकात्याची सर त्यांना येणार नाही. पण हिमालय ओलांडून वाट शोधायची गरज शेजाऱ्याला वाटावी, यातच मैत्रीचं अपयश आहे. कौटिल्याचं ते वाक्य आठवा: बळावरचा तह बळ फिरेपर्यंतच.

नेपाळशीही कागद बदलण्याचा प्रयत्न झाला. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी चार-चार मान्यवरांचा गट नेमला. भारताच्या बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. नेपाळच्या बाजूचे भेख बहादूर थापा. दोन वर्षं बैठका झाल्या, २०१८ मध्ये एकमताचा अहवाल तयार झाला. तो अहवाल आधी भारताच्या पंतप्रधानांना द्यायचा असं ठरलं होतं. तो स्वीकारला गेला नाही. वर्षं उलटली, अहवाल कपाटात आहे. भारताला तो नापसंत असू शकतो. तसं सांगता येतं. स्वीकारून फेटाळता येतो. पण आपणच नेमलेल्या माणसांचा कागद हातातच घ्यायचा नाही, हे न बोलता दिलेलं उत्तर आहे, आणि ते नकारापेक्षा जास्त लागतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, भूतानचं उदाहरण गोड आणि नेपाळचं कडू, हे फार सोपं झालं. खरं आहे. दोन देश सारखे नाहीत. नेपाळचे चीनशी १९५५ पासून राजनैतिक संबंध आहेत. भूतानचे औपचारिक संबंध नाहीत. नेपाळची लोकसंख्या, राजकारण, सीमा, सगळं वेगळं. म्हणून 'करार बदलला की मैत्री सुधारते' असा कार्यकारणभाव मी मांडत नाही. एवढंच म्हणतो की भीती खोटी ठरली. भीती अशी होती, की सल्ल्याचं कलम काढलं तर भूतान हातचा जाईल. दहा वर्षांनी, जून २०१७ मध्ये डोकलाममध्ये चीनने रस्ता बांधायला घेतला, तेव्हा भूतानने चीनकडे उघड निषेध नोंदवला आणि ७३ दिवस भारतीय सैनिक भूतान दावा करतो त्या जमिनीवर उभे राहिले. बंधन काढल्यावरही हात सुटला नाही. २०२१ मध्ये त्याच भूतानने चीनशी सीमाप्रश्न सोडवण्याच्या आराखड्यावर सही केली. तो त्याचा हक्क आहे, आणि दिल्लीने तो शांतपणे पचवणं हीच २००७च्या कराराची खरी परीक्षा आहे.

आणि भूतानच्या गोडव्यात एक कडू घास आहे, तो न सांगता मी पुढे जाऊ शकत नाही. १९९०च्या सुरुवातीला भूतानच्या दक्षिणेतल्या नेपाळीभाषक लोकांना, ल्होत्शाम्पांना, देश सोडावा लागला. एक लाखाच्या आसपास माणसं. भूतान आणि नेपाळ यांची सीमा एकमेकांना लागत नाही. मध्ये भारत आहे. ही माणसं भारतातून नेपाळच्या झापा, मोरंगमधल्या छावण्यांत गेली. भारताने म्हटलं, हा भूतान आणि नेपाळ यांचा आपसातला प्रश्न आहे. सतरा-अठरा वर्षं ते छावण्यांत राहिले, आणि शेवटी बहुतेकांना अमेरिकेने आणि इतर देशांनी घेतलं.

मला सांगा, मित्राची चूक मित्राला न सांगणं ही मैत्री का? जो देश दुसऱ्या शेजाऱ्याच्या राज्यघटनेबद्दल बोलतो, तो इथे गप्प बसतो, कारण हा मित्र उपयोगी आहे. एका बाजूला नको तिथे दबाव, दुसऱ्या बाजूला हवं तिथे मौन. दोन्हींचं मूळ एकच, समोरच्याकडे आपल्या सोयीतून बघणं. प्रामाणिक नात्यात दोन गोष्टी एकदम लागतात. निर्णय त्याचा, हे मान्य करायचं. आणि मत आपलं, हे स्पष्ट सांगायचं.

तर समारोप करतो. शेजारी मित्रदेशांचा करार हातात आला तर मी चार प्रश्न विचारेन. पहिला: देशांची नावं उलटी घालून वाचलं तर कलम मोठ्या देशाला सहन होईल का? 'भारत परराष्ट्र संबंधांत भूतानच्या सल्ल्याने चालेल', हे मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे १९४९चं कलम कळेल. दुसरा: यातलं सगळं दोन्हीकडच्या लोकांना वाचायला मिळतं का? तिसरा: लहान देशाने 'नाही' म्हटलं तर त्याच्या चुलीवर परिणाम होतो का? आणि चौथा: वाद झाला तर न्याय मागायला ताकदीखेरीज दुसरी जागा आहे का?

भूतानचा २००७चा करार पहिल्या दोनांत बऱ्यापैकी पास होतो, तिसऱ्यात २०१३ साली अडखळला, चौथ्यात १९४९पेक्षाही मागे गेला. नेपाळचा करार कागदावर पहिल्यात बराच समान आहे, दुसऱ्यात जन्मतःच नापास, तिसऱ्यात दोनदा नापास. मोठ्या देशाचा नागरिक म्हणून हे निकालपत्र मला आनंदाने वाचता येत नाही. पण ज्या देशाने ३२ चौरस मैल परत दिले आणि साठ वर्षांनी का होईना साम्राज्याचं वाक्य खोडलं, त्याला हे जमणारच नाही असं मी म्हणणार नाही. कपाटातला तो अहवाल बाहेर काढून स्वीकारणं, एवढीच सुरुवात आहे. मग हवं तर त्यातल्या प्रत्येक ओळीशी भांडा.

आणि जिन्यातल्या मित्राला सांगायचं ते हे: देशांना मन नसतं, मान्य. पण करार माणसं लिहितात, नाकं माणसं बंद करतात, आणि बंद नाक्याच्या पलीकडे रांगेत माणसंच उभी असतात. नीतीचा प्रश्न तिथून सुरू होतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, आज जिन्यात नको, इथेच.